नऊशे चॅप्टर झाले, अजून हात धरला नाही: चिनी साधना-कादंबऱ्यांतलं रेंगाळणारं प्रेम, सोप्या भाषेत

रात्री दीड वाजता भाचीच्या खोलीतून खुदखुद ऐकू आली. इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष, परीक्षा तोंडावर, मला वाटलं कुणा पोराशी चॅटिंग चाललंय म्हणून दार ढकललं, तर मोबाईलवर कादंबरी. चायनीज. तीपण मशीनने इंग्लिश केलेली, ज्यात नायिकेला मधेच ‘तो’ आणि नायकाला ‘ती’ होतं. आणि हसायचं कारण काय, तर नायक तिला तलवारीवर उभं करून आकाशातून नेत होता आणि पडू नये म्हणून तिने त्याच्या बाहीचं टोक दोन बोटांत धरलं. बस, एवढंच. मी म्हटलं यात काय एवढं, तर म्हणते, मावशी तीनशे चॅप्टर झाले गं, पहिल्यांदा टच झालाय, तोपण कापडाला.

तेव्हा मी तिला वेड्यात काढलं. आता दोन महिने झालेत आणि रात्री दीडला मीच जागी असते, म्हणून हा लेख. ज्यांच्या घरात असं एखादं खुदखुदणारं कार्टं आहे त्यांच्यासाठी.

आधी साधना म्हणजे काय ते उरकून घेऊ

या प्रकाराला चिनीत शिएनशिया म्हणतात. शिएन म्हणजे अमर झालेला सिद्ध, शिया म्हणजे दुसऱ्यासाठी तलवार उपसणारा वीर. नुसती मारामारी आहे आणि माणसं वेळेवर मरतायत तर तो वुशिया, मरायचंच विसरलीत तर शिएनशिया, असं ढोबळ धरून चला.

मरण कसं टाळायचं, तर साधना करून. इंग्रजीत वाचणारी पोरं याला कल्टिव्हेशन म्हणतात, मला त्याने कृषी विद्यापीठ आठवतं, म्हणून मी साधनाच म्हणणार. हवेत, डोंगरात, झाडापाल्यात ‘ची’ असते (आपला प्राण म्हणतात ना, साधारण तेच), ती श्वासाने आत ओढायची, बेंबीखाली साठवायची आणि दाबून दाबून घट्ट करायची. ही सगळी लेखकांची थाप नाही बरं का, मुळं ताओ पंथात आहेत. चौथ्या शतकात गे होंग नावाच्या विद्वानाने अमर कसं व्हायचं यावर रीतसर ग्रंथ लिहिला, त्यात पारा आणि हिंगूळ घालून गोळ्या कशा करायच्या इथपर्यंत तपशील आहे. अशा गोळ्या खाऊन थांग घराण्याच्या काही सम्राटांनी अमर होण्याऐवजी उलटंच करून घेतलं असं इतिहासकार मानतात. मग पुढच्या लोकांनी शहाणपणा केला आणि म्हणाले, गोळी बाहेर भट्टीत कशाला, आपल्या शरीरातच बनवू. म्हणून या कादंबऱ्यांत एका पायरीचं नाव जिनदान आहे, शब्दशः सोन्याची गोळी.

पायऱ्या म्हणजे मोबाईलच्या रिचार्जसारख्या समजा, वरचा प्लॅन घेतला की व्हॅलिडिटी वाढते. पाया पक्का झाला की साधारण दोनशे वर्षं, सोन्याची गोळी जमली की पाचशे, त्याच्या वर गेलं की हजार. लेखकागणिक आकडे बदलतात, भांडत बसू नका. फक्त वरचा प्लॅन मिळवताना आकाशातून वीज अंगावर पडते आणि ती झेलून दाखवावी लागते. एमपीएससी परवडली, तिथे नापास झालं तर निदान जळून तरी जात नाही.

आणि हे सगळं चालतं डोंगरावरच्या पंथात. गुरुकुल, तालीम आणि पतपेढी एकत्र केली की तो पंथ होतो. बाहेरच्या फळीतली मुलं झाडलोट करतात, आतल्या फळीतली तलवार शिकतात, आणि सगळ्यात थोर मंडळींना प्रत्येकी एक शिखर दिलेलं असतं जिथे ती एकटीच बर्फात बसून राहतात.

मग यात प्रेम करायला हरकत कसली?

हरकत अशी की मनात काही हललं की साधना बिघडते. मनात अडकून राहिलेली गोष्ट, पश्चात्ताप म्हणा, हाव म्हणा, कुणाची तरी आठवण म्हणा, ती नेमकी वीज पडायच्या वेळी उठून उभी राहते, तिला शिनमो म्हणतात. शिन म्हणजे मन. आणि मो? मो म्हणजे आपला मार! बुद्धाला बोधिवृक्षाखाली छळायला आलेला तोच तो मार, बौद्ध ग्रंथ चिनीत नेताना त्या नावासाठी एक नवं अक्षरच तयार केलं गेलं. आणि विजेच्या परीक्षेला ते ज्ये म्हणतात, तो आपला कल्प आहे, घासून घासून एका अक्षराचा झालेला आणि युगाचा अर्थ सोडून संकटाचा अर्थ घेतलेला. दोन प्रेमवीर समोरासमोर आले आणि मधे नायिका अवघडून उभी असली की पोरं लिहितात ‘शुरा फील्ड’, तिथला शुरा म्हणजे असुर. म्हणजे इथून निघालेले शब्द दीड-दोन हजार वर्षं चीनमधे राहून, नाव बदलून, मशीन ट्रान्सलेशनने परत आमच्या भाचीच्या मोबाईलवर आलेत आणि तिला पत्ता नाही. मला हे कळलं त्या दिवशी मी तिला झोपेतून उठवून सांगितलं, ती म्हणाली बरं.

तर मुद्दा असा की या जगात प्रेम हासुद्धा एक ज्येच आहे, संकट. काही पंथांत तर निर्मम मार्ग म्हणून वेगळी शाखाच असते, सगळ्या भावना कापून टाका आणि वर जा. बरोबर ओळखलंत, नायक नेहमी त्याच शाखेचा टॉपर असतो.

आणि वेळ. हजार वर्षांची व्हॅलिडिटी असली की घाई कसली? तो गुहेत ध्यानाला बसतो, बाहेर येईपर्यंत साठ वर्षं गेलेली. आपल्याकडे मुलगा मेसेजला तीन तास उत्तर देत नाही म्हणून मैत्रिणींच्या ग्रुपवर चर्चासत्र होतं.

विनोद नेमका कुठून येतो?

कुठल्याही खऱ्या कादंबरीचं रहस्य फोडायला नको म्हणून भाचीने आणि मी मिळून एक नमुना रचलाय, त्यावरून बघा.

एक थोरले महाराज आहेत, वय ७८०, दिसतात पंचविशीचे. बोटाच्या इशाऱ्याने नदी थांबवतात. तीनशे वर्षांत अन्नाचा कण घेतलेला नाही, कारण वरच्या पायऱ्यांवर भूकच लागत नाही, याला बीगू म्हणतात, धान्य वर्ज्य करणं, हेही ताओ पंथातलं खरं व्रत आहे. स्वैपाकघरात नवीन लागलेल्या पोरीला हे कुणी सांगितलेलं नाही. ती बिचारी बर्फातून चढून वर येते, कढत बाओझ घेऊन, म्हणजे सारण भरून वाफवलेला गुबगुबीत पाव, आणि समोर उभी राहते. जात नाही. भांडं परत न्यायचंय ना तिला.

महाराजांना नाही म्हणता येईना. खातात. तीनशे वर्षं धुऊन पुसून ठेवलेलं पोट, त्यात डुकराचं मटण आणि कांद्याची पात. रात्रभर त्यांची कळ जात नाही म्हणून ते ध्यानाला बसतात, त्याने डोंगरावर ढग गोळा होतात, शिष्यांना वाटतं महाराज वरच्या पायरीला चालले, सगळा पंथ मध्यरात्री उठून शिखराखाली मांडी घालून बसतो की बाबा उरलीसुरली ची आपल्यालाही मिळेल. पहाटे दार उघडतं. महाराज फिकट. शेकडो माणसं श्वास रोखून. महाराज विचारतात, “उद्या सारण कसलं आहे?”

पुढच्या चॅप्टरला ते पंथाच्या वैद्याकडे जातात. तक्रार अशी की ती मुलगी पाच पावलांच्या आत आली की नाडी वेगाने चालते आणि कान गरम होतात. वैद्यबुवा वय ९००, तेपण आजन्म ब्रह्मचारी, ते नाडी बघतात, दाढी कुरवाळतात आणि ची उलटी फिरली असं निदान करून थंड गुणाच्या गोळ्या देतात. दिवसातून तीन. गोळ्यांनी गुण येत नाही म्हणून डोस वाढवतात. या वेळेपर्यंत डोंगरावरच्या प्रत्येक झाडूवाल्या पोराला आणि दारातल्या करकोच्यालासुद्धा कळलेलं असतं की आजार काय आहे. फक्त रोग्याला आणि डॉक्टरला कळलेलं नाही.

मधे एकदा ती सहज म्हणते की स्वैपाकघरातली सुरी बोथट झालीय. दुसऱ्या दिवशी ओट्यावर राक्षस कापायची तलवार. ती त्या तलवारीने मुळा चिरते, ओटा दुभंगतो.

यात जोक कुठेच मारलेला नाही हे बघा. सगळे अतिशय गंभीर आहेत, सगळ्यांना आपली अब्रू सांभाळायची आहे, आणि तिथेच सगळी गंमत आहे. मला राहून राहून आपले चांगदेव आठवतात. चौदाशे वर्षं योगबळावर जगले अशी कथा, वाघावर बसून हातात सापाचा चाबूक घेऊन निघाले, आणि त्याआधी ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला बसले तर मायना काय लिहावा तेच सुचेना. वयाने लहान म्हणून चिरंजीव लिहावं तर ज्ञानाने मोठे, तीर्थरूप लिहावं तर पोरगं. शेवटी कोराच कागद पाठवला. त्यावर मुक्ताबाई म्हणाली, चौदाशे वर्षं झाली तरी म्हातारा कोराच! ते प्रकरण अध्यात्माचं होतं, आपलं प्रेमाचं आहे, पण माणूस तोच, अंगात सगळ्या सिद्धी आणि एक साधं वाक्य लिहायची पंचाईत.

हाक काय मारतात तिकडे लक्ष ठेवा

नवीन वाचणारे नावांमधे गोंधळतात आणि सोडून देतात. नावं सोडा, हाका पकडा. एकाच गुरूकडे आपल्याआधी लागलेला मुलगा शिश्योंग, मुलगी शिज्ये, आपल्या मागून आलेले शिदी आणि शिमेइ. इंग्रजीत याचं ‘सीनियर मार्शल ब्रदर’ असलं काहीतरी लाकडी होतं. आपल्याकडे गुरुबंधू आणि गुरुभगिनी हे शब्द तयार पडलेत, थोरला-धाकटा लावा की झालं काम. या बाबतीत मराठी वाचक इंग्रजीवाल्यांच्या दोन पायऱ्या पुढे आहे, उगीच नाही सांगत.

आणि गुरूला शीझुन, एकदम आदराने. तर हे प्रेम कुठवर आलंय ते मोजायचं थर्मामीटर म्हणजे हाक. सुरुवातीला पूर्ण पदवीसकट, मग नुसतं शिश्योंग, मग एक दिवस संकटात तोंडातून नुसतं नाव निघतं आणि दोघं गप्प. ज्या भाषेत आजीने आजोबांचं नाव जन्मभर फक्त उखाण्यात घेतलं त्या भाषेच्या माणसाला हे समजावून सांगायला लागू नये. ‘अहो’चं ‘अरे’ व्हायला आपल्याकडेही काही जोडप्यांना चाळीस वर्षं लागतात. तिकडे दोनशे.

इथे हमखास विचारलं जातं की मग हे भाऊ-बहीणच झाले की, कच-देवयानीसारखं. कचाने हेच कारण दिलं होतं ना, तुझ्या बापाच्या पोटातून बाहेर आलो, आता तू बहीण. चिनी कथांत तसं नाही, गुरुबंधू-गुरुभगिनीचं लग्न अगदी चालतं, उलट सगळ्यांना तेच हवं असतं. न चालणारी गोष्ट म्हणजे गुरू आणि शिष्य, कारण गुरू बापाच्या जागी. १९५९ साली हाँगकाँगमधे मिंग पाओ हा पेपर सुरू झाला तेव्हा पहिल्या अंकापासून चिन योंगने जी क्रमशः कादंबरी लिहिली तिचा सगळा पेचच हा होता, की गुरू बाई, शिष्य तरुण, आणि जग म्हणतं हे पाप. ती वुशिया होती, पण शीझुन म्हणता म्हणता जीभ अडखळणारी सगळी पात्रं मला तिचीच नातवंडं वाटतात.

हे निव्वळ पाणी घालून वाढवणं नाही का?

काही ठिकाणी आहे. खोटं कशाला बोला. चीनमधे चीदियान ही साइट २००२ मधे आली आणि पुढच्या वर्षी तिने पैसे भरून चॅप्टर वाचायची पद्धत सुरू केली, दर हजार अक्षरांना काही पैसे. म्हणजे लेखकाला अक्षरं मोजून मिळकत, आणि रोज चॅप्टर टाकला नाही तर वाचक पळतो. मग नायक दार उघडून आत यायला तीन परिच्छेद घेणारच. चिनी वाचक स्वतःच अशा लिखाणाला ‘पाणी’ म्हणतात, आपल्या दूधवाल्याला म्हणतो तसंच.

पण दुसरंही एक कारण आहे आणि ते मला जास्त मजेशीर वाटतं. जिनजियांग ही साइट, २००३ पासूनची, जास्त करून बायका लिहितात आणि बायका वाचतात. अश्लीलतेविरुद्ध सरकारी मोहिमा झाल्या तसे तिथले नियम इतके कडक झाले की लेखिकांमधे ते एका वाक्यात प्रसिद्ध आहेत: मानेखालचं काही लिहायचं नाही. आता करा काय करायचं ते. उरलं काय, तर डोळे, कपाळ, कानाची पाळी, केसातला आकडा, आणि बाही. त्या बायकांनी मग बाहीवरच असं काही काम केलं की बाहीचं टोक धरलं तर आमची भाची उशीत तोंड खुपसून किंचाळते.

तेव्हा पाणी घातलेलं दूध आणि आटवलेलं दूध यातला फरक ओळखायला शिका. दोन्हींना वेळ जातो. पण बासुंदी आटवताना कधीही चमचा घालून बघितलात तर मघापेक्षा थोडी दाट लागते. चांगल्या संथ प्रेमकथेत प्रत्येक भेटीनंतर दोघांमधलं काहीतरी बदललेलं असतं आणि ते मागे जात नाही. काल तो ओसरीवर बसला होता, आज उंबऱ्यावर बसलाय. पन्नास चॅप्टर वाचूनही दोघं जिथल्या तिथे असतील, मधेच एखादी मत्सरी गुरुभगिनी विष घालत असेल आणि गैरसमज एका वाक्याने मिटण्यासारखा असूनही कुणी बोलत नसेल, तर ते पाणी, खुशाल सोडून द्या. (त्या शेवटच्या प्रकाराला चिनीत ‘कुत्र्याचं रक्त’ म्हणतात, का ते विचारू नका, पण आपल्या संध्याकाळच्या सिरीयल बघितल्यात की अर्थ आपोआप कळतो.)

टीव्हीवर हे मधे काही वर्षं जरा आवळलं गेलं. फेब्रुवारी २०२० मधे तिथल्या प्रसारण खात्याने सांगितलं की मालिका चाळीस भागांच्या वर नको, तीसच्या आत असेल तर उत्तम. त्यामुळे पुस्तकात दोनशे वर्षं लागलेली हाक पडद्यावर अकराव्या भागात यायची (२०२५ मधे हे बंधन सैल केलं). भाची म्हणते तो अन्याय होता.

७८० वर्षांचा म्हातारा आणि एकोणीस वर्षांची पोरगी, हे बरं दिसतं का?

नाही. मलाही नाही दिसत, आणि दिसतो पंचविशीचा हे उत्तर पुरत नाही. काही लेखक पळवाट काढतात, तीच मागच्या जन्मी कुणीतरी मोठी देवी होती, आठवण गेलीय वगैरे. ज्या मला आवडल्या त्या लेखिका वेगळं करतात, तिला त्याच्यासमोर शंभर-दीडशे वर्षं वाढू देतात, तिचं स्वतःचं शिखर होतं, शिष्य होतात, एका भांडणात ती त्याला सपशेल हरवते, आणि मग कुठे तो वाक्य जुळवायला लागतो. तोवर हजार वर्षांच्या हिशेबात वयातलं अंतर म्हणजे दोन इयत्ता.

आणि हो, पुरुषांसाठी लिहिलेल्या साधना-कादंबऱ्यांत एका नायकाच्या मागे आठ-आठ सुंदऱ्या असतात, प्रत्येकीची त्वचा जेड रत्नासारखी, एकीचंही बोलणं लक्षात राहत नाही. तो प्रकार वेगळा, त्याची बाजू मी मांडणार नाही.

हे सगळं इंटरनेटचं खूळ ना?

अजिबात नाही. पांढऱ्या नागिणीची गोष्ट चीनमधे शेकडो वर्षं सांगतात. हजार वर्षं साधना करून बाई झालेली नागीण हांगझोऊच्या पश्चिम सरोवरावर फिरायला येते, पाऊस लागतो, औषधाच्या दुकानात काम करणारा एक भोळा मुलगा तिला छत्री देतो. छत्री परत करायच्या निमित्ताने पुढचं सगळं. हजार वर्षांची साधना एका छत्रीपायी पणाला. शेवटी एक भिक्षू तिला लेइफेंग स्तूपाखाली डांबतो. तो स्तूप खराखुरा होता, लोक त्याच्या विटा शुभ म्हणून काढून नेत राहिले आणि १९२४ मधे तो कोसळला. २००२ मधे नवीन बांधलाय, म्हणजे चीदियान सुरू झाली त्याच वर्षी. नागीण सुटली असावी आणि थेट लिहायलाच बसली असावी.

त्याच्याही आधी, सातव्या शतकात, लू झाओलिन नावाच्या थांग काळातल्या कवीने लिहून ठेवलंय की बदकांची जोडी व्हायला मिळालं तर मला अमरांचा हेवा वाटणार नाही. तिकडे ती रंगीत बदकं म्हणजे न विलग होणारं जोडपं. साधना-कादंबरीतला प्रत्येक नायक शेवटी याच ओळीपाशी येऊन उभा राहतो, फरक एवढाच की त्याला आधी अमर व्हावं लागतं आणि मग बदकांकडे बघत बसावं लागतं.

लेख भाचीला वाचायला दिला. मार आणि कल्पवाला भाग तिने भराभर सरकवला, थोरल्या महाराजांपाशी थांबली. म्हणाली, ते गोळ्या कधी बंद करतात?

मी म्हटलं, चारशेव्या चॅप्टरला.

“इतक्या लवकर?”